भजन लागेल शे

धुळ्याच्या एका खासगी एफएम स्टेशनवर मी सहा वर्षं दर रविवारी दुपारी रॉक गाण्यांचा एक तास करत होते. मी मूळची जळगावची, पिंप्राळ्यातली. घरच्यांना ती गाणी म्हणजे भांडी पडल्याचा आवाज वाटे. मॅनेजरने तो तास मला दिला होता, तोही त्या वेळेला जाहिराती मिळत नसत म्हणून.

पण एक पक्के श्रोते होते, शिंदखेड्याचे आबा. उभी हयात कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांपाशी गेल्याने त्यांचे कान बरेचसे गेले होते. नाजूक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नसत. ड्रम पोचायचा, आणि माझा जाडाभरडा आवाज. फोनवर ते ओरडूनच बोलत, मग मीही ओरडायची.

स्टेशन विकलं जाणार हे कानावर होतं. बाहेरगावची कुठलीशी कंपनी घेणार होती. पाटी बदलेल, पगार दुसऱ्या नावाने येईल, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

त्या रविवारी मी नेहमीसारखी बसले. तीन गाणी झाली. मधे खूप बोलले. मेहरूण तलावाच्या काठावर भावाच्या वॉकमनवर पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार ऐकली आणि मी कशी रडले, तेही सांगितलं. असं घरचं मी कधी बोलत नसे. चौथं गाणं लावलं आणि फोन वाजला. आबा होते.

"बेटी, आज भजन लागेल शे. तुना आवाज ई नही राहिना."

मी म्हटलं, माझ्याऐवजी भजन लागलंय म्हणजे रेडिओचा काटा हलला असेल. ते म्हणाले, सुनेनेही पाहिलं, काटा जागेवरच आहे. माझ्या हेडफोनमध्ये गिटार स्वच्छ वाजत होती. शिपायाचा छोटा रेडिओ बाजूच्या खोलीत असे, तो जाऊन लावला. टाळ-मृदंग. मग एक अनोळखी बाई प्रसन्नपणे म्हणाली, आता दिवसभर फक्त भक्तिसंगीत.

चाळीस मिनिटं मी भिंतीशी बोलत होते.

मॅनेजरला फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं, की सकाळपासून प्रक्षेपण नव्या कंपनीकडूनच होतंय, सगळ्यांना मेल गेलाय, तुमचं नाव राहिलं असेल. मग म्हणाले, "बरं झालं फोन केलात. पहाटेच्या भजनांना इथला आवाज हवाय त्यांना. कराल?"

"हो," मी म्हणाले. विचार करायच्या आतच. फोन ठेवला, आणि त्या 'हो'चा धक्का मला भजनांपेक्षा मोठा बसला.

दुसऱ्या दिवशी आबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"नौकरी शे ना?"

"आहे, आबा."

"मंग बरं शे."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मी रोज सहाला भजनं लावते. माझा आवाज मुद्दाम नाजूक करावा लागतो, नव्या मालकांना तसाच हवा आहे.