ऐकू न येणारी बेस

बेस गिटार ऐकू आली पाहिजे असं म्हणणाऱ्या माणसाचा मला राग येतो. तो जन्मभर माझ्या शेजारी बसून ढोलकी वाजवत आलेला असला तर जास्तच येतो.

माझी जुनी बेस मोडली, म्हणून दुकानदारानं ओळखीवर दोन नव्या वाजवून बघायला दिल्या. रविवारी आमची ऑर्केस्ट्राची म्हातारी मंडळी जमली. आधी लाल लावली. नुसती खणखणत होती. ढोलकीवाला दत्तू म्हणाला, "वा! हीच घे." मग काळी लावली. अर्ध्या गाण्यात हाच दत्तू ओरडला, "अण्णा, वाजवतोयस का खाजवतोयस? काही ऐकूच येईना!" सगळे हसले. गाणारा सुलेमानसुद्धा.

माझं डोकंच फिरलं. शाळा मी चौथीत सोडली, पण एवढं मला कळतं. घरात पंखा फिरतोय तोवर त्याचा आवाज कुणाला येतो? बंद पडला की सगळ्यांच्या माना वर. बेस तशीच असते. तीच पुढं येऊन मिरवायला लागली तर गाणाऱ्यानं जायचं कुठं?

हात थांबवून उठणारच होतो, तेवढ्यात नजर खाली गेली. तोंडानं मला बोल लावणाऱ्या दत्तूच्या पायाचा अंगठा चटईवर माझ्या बेसच्या ठोक्याला बरोबर उचलला जात होता. लाल गिटारीला तोच अंगठा मेल्यासारखा पडून होता.

काळीच घेतली. दत्तू अजून कुरकुरतो. मी त्याच्या तोंडाकडं बघतच नाही.