सड्यावरचा लाल दिवा

सखाराम गावस गेल्याचे मालतीवयनींनी फोनवर तीन वाक्यांत सांगितले. "भाऊ, हे गेले. चाय घेतली, कप खाली दवरलो आणि… गेले. तुमी सावकाश या." साखळीहून इब्रामपूरला पोहोचेपर्यंत अकरा वाजले होते. अंगणात वाड्यावरची, म्हणजे आसपासच्या वस्तीतली, माणसे उभी होती. परसात दुर्बीण ताडपत्रीखाली झाकलेली होती, कारण आदल्या संध्याकाळी आभाळ भरून आले होते आणि त्याने ती वेळेवर झाकली होती. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. साखळीच्या शाळेत आम्ही पाचवीपासून एका बाकावर होतो. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो आणि तो डिचोलीकडच्या एका खाणीवर मोजणी खात्यात लागला.

आकाशाची ओढ त्याला खाणीवरच लागली. जमिनीचा उंचसखलपणा मोजायच्या यंत्राला एक छोटी दुर्बीण असते. एका संध्याकाळी काम आटोपल्यावर त्याने ती सहज वर फिरवली. गुरू दिसला आणि त्याच्या बाजूला एका ओळीत चार ठिपके. पुढचे चार दिवस तो त्या ठिपक्यांच्या जागा मोजणीच्या वहीत मागच्या पानावर काढत राहिला. ते गुरूचे चंद्र आहेत हे त्याला नंतर कळले, पण ते हलतात हे त्याने कोणी सांगायच्या आधी स्वतः पाहिले होते. याचा त्याला शेवटपर्यंत आनंद होता. तेव्हा खाणी जोरात चालत. ट्रकांच्या रांगा आणि लाल धूळ यांत डिचोलीचे आकाश रात्रीसुद्धा तांबूस दिसे. मग खाणी बंद पडल्या. त्याची नोकरी गेली, सख्ख्या भावाचा ट्रक अंगणात गंजत उभा राहिला, आणि धूळ हळूहळू खाली बसली. इब्रामपूरला परत आल्यावर एकदा परसात उभा राहून तो म्हणाला, "कामां गेली आणि नखेत्रां इली." मग घराकडे नजर टाकून आवाज खाली आणला. "खंय छापू नको हां ह्या." ते आज, त्याच्यामागे, प्रथमच छापले जात आहे.

दुर्बीण त्याने स्वतः जमवली. आठ इंची आरसा पुण्याहून आणला, बैठक साखळीच्या गेट बनवणाऱ्याकडून जोडून घेतली. त्या कारागिराला ती कशासाठी आहे हे शेवटपर्यंत पटले नाही. तो तिला 'तोफेचो गाडो' म्हणे. जुना कॅमेरा, ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरवणारी एक मोटर, आणि धीर. रात्रीच्या आकाशाचा फोटो एका क्लिकमध्ये निघत नाही. एकाच जागेवर रोखून दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे डझनावारी फोटो घ्यायचे, असे अनेक रात्री, आणि मग ते संगणकावर एकमेकांवर बसवायचे, तेव्हा कुठे अंधारातून रंग वर येतो. गोव्याच्या हवेत त्याला आणखी एक शत्रू होता, दमटपणा. आरशावर दव बसे, भिंगाला बुरशी लागे. पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा कपाटात, आणि कपाटात दिवसरात्र एक बारका दिवा पेटता. वयनी म्हणत, "देवाकडचो दिवो एकादवेळ विझता, हेंच्या कपाटातलो विझना नाय."

परसातून त्याला सगळे मिळाले, दक्षिण तेवढी मिळाली नाही. घराच्या त्या बाजूला डोंगर आहे, आणि डोंगरावर काजूची झाडे. नौका नावाच्या तारकासमूहात एक मोठा तेजोमेघ आहे. तो गोव्यातून दक्षिण क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो. उत्तरेकडच्या लोकांना तो धड दिसतही नाही. एप्रिलमध्ये रात्री साडेनवाच्या सुमारास तो सर्वांत वर असतो, मग कलतो, आणि मे संपता संपता ढग येतात. म्हणजे वर्षातून काही आठवडे, रात्रीचे थोडे तास. सखारामला त्या तेजोमेघाचा फोटो हवा होता. अकरा वर्षे तो दर एप्रिलमध्ये परसात उभा राहून डोंगराच्या काळ्या रेषेकडे बघत असे आणि म्हणत असे, "तो ह्याच्या फाटसून गेलो."

शेवटी तो दुर्बीण घेऊन सड्यावर गेला. सडा म्हणजे गावाच्या वरचे जांभ्याचे उघडे पठार. तिथून दक्षिण मोकळी. सोबत वयनी. हातात लाल दिव्याचा टॉर्च, कारण पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा बिघडतात. चवथीच्या सजावटीतला उरलेला लाल कागद त्याने काचेवर रबराने बांधला होता. पहिल्या दोन रात्री उत्तम गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी ते वर पोहोचले तेव्हा दुर्बिणीच्या जागेपासून पंधरा पावलांवर, झाडाखालच्या दगडापुढे, एक रोट, दोन केळी, बिड्यांचा कट्टा आणि फेणीची बाटली ठेवलेली होती.

तो दगड राखणदाराचा. या भागात गावाची शीव सांभाळणारा देवचार मानतात. रात्री तो हातात काठी आणि पेटती चूड घेऊन शीव फिरतो अशी समजूत आहे. सड्याखालच्या वाड्यावरून लोकांनी दोन रात्री एक लाल दिवा सावकाश हलताना, थांबताना, पुन्हा हलताना पाहिला होता. दुर्बिणीच्या लोखंडी पायांचा जांभ्यावर टकटक आवाजही ऐकला होता. बऱ्याच वर्षांनी देवचार पुन्हा फिरू लागला, असे त्यांनी ठरवले आणि त्याचा मान त्याला पोचता केला.

सखारामने मला दुसऱ्या दिवशी फोन केला. गावाला खरे सांगावे तर सडा हातचा जाणार हे त्याला दिसत होते. गावाला न विचारता, गाऱ्हाणे न घालता, म्हणजे मानकऱ्यांकरवी देवापुढे परवानगी न मागता, तो राखणदाराच्या जागेवर गेला होता. आणि न सांगावे तर देवाच्या नावाचे दुसरे ताट पुढे येणार. मी त्याला व्यावहारिक सल्ला दिला. आणखी आठ रात्री गप्प राहा, फोटो पुरा कर, मग सांग. बातमी थोडी थांबवण्यात काही गैर नाही.

"तुमच्या पेपरात चालता तां," तो म्हणाला. "माज्या वहीत चालणा नाय."

रविवारी देवळाच्या मंडपात त्याने सगळे सांगितले. मी तिथे होतो. वयाने थोर असलेल्या मानकऱ्याने आधी ऐकून घेतले आणि मग विचारले, "सखाराम, तू देवचार कधीपासून झालंस रे?" मंडप हसला. मागून कोणी तरी म्हणाले, "आणि बिडयो खंय गेल्यो?"

"थंयच असत. मी बिडी ओढणंय नाय."

"रोट?"

"कुत्र्यान खाल्लो."

"आणि सोरो?"

"बाटली सकाळी रिकामी होती. तां माका खबर नाय," सखाराम म्हणाला, आणि खांबाला टेकून बसलेला एक जण आपल्या चपला शोधू लागला.

हसणे ओसरल्यावर निर्णय झाला. या वर्षीचा शिगमो, म्हणजे इकडचा शिमगा, होऊन गेला. पुढच्या शिगम्यात रीतसर गाऱ्हाणे घालू, तोवर सड्यावर दुर्बीण नको. सखारामने मान हलवली. तेव्हा बायकांच्या बाजूने आनंदीबाय उठली. खालच्या वाड्यावरची ही सत्तरीतली विधवा. तिची नात सुलभा विमानतळावर सफाईच्या कामाला होती. कामगारांची बस तिला रात्री नऊला फाट्यावर सोडी. तिथून वाड्यावर यायला सडा ओलांडून पायवाट, नाहीतर बराच लांबचा रस्ता. नोकरी लागल्यापासून पोरगी त्या वाटेवर रडत येई, सोडून देते म्हणे. लाल दिवा दिसू लागल्यापासून ती न घाबरता चालत येत होती. राखणदार आहे म्हणून.

"म्हणजे आता दिवो बंद?" आनंदीबायने विचारले.

"आनंदीबाय, तो दिवो माजो होतो. देवचाराचो न्हय," सखाराम म्हणाला.

"तां आयकलंय मी. पण तू थंय कोणी धाडलंय म्हणान गेलंस? राखणदार चूड आपल्या हातात धरता की दुसऱ्याच्या हातात देता, तां तुका काय खबर? नवाक दिवो दिसाक होयो. माका इतक्याच कळता."

बंदी दुर्बिणीवर होती, टॉर्चवर नव्हती. दुसऱ्या रात्रीपासून तो नुसता टॉर्च घेऊन सड्यावर जाऊ लागला. त्या एप्रिलात आकाश विलक्षण स्वच्छ होते. अकरा वर्षे ज्याची वाट पाहिली तो तेजोमेघ समोर उघड्यावर होता, आणि हा त्याच्याखाली रिकाम्या हातांनी लाल दिवा धरून उभा. त्याबद्दल तो कधी तक्रारीच्या सुरात बोलला नाही. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाला, "डोळ्यांनी बघूक बंदी नाय मां."

पुढच्या शिगम्यात नारळ ठेवला गेला, गाऱ्हाणे झाले, आणि 'हो आकाशातलो फोटो काढता, तेका सांबाळून घे' अशी विनंती राखणदारापुढे मांडली गेली. फोटो अकरा रात्रींत पुरा झाला. गुलाबी धुराचा एक प्रचंड लोट, मध्ये काळी भेग, आणि सगळीकडे बारीक तारे. आम्ही तो रविवारच्या पुरवणीत पानभर छापला. मी मथळ्यात 'दुर्मिळ' असा शब्द घातला होता. त्याने तो काढायला लावला. "तो दर वर्सा येता. दुर्मिळ खंयचो? मीच उशिरा गेलंय."

वह्या आता वयनींनी माझ्याकडे दिल्या आहेत. एकूण एकोणीस. प्रत्येक रात्रीची वेळ, हवा, दव, किती मिनिटांचे किती फोटो, सगळे मोजणी खात्याच्या बारीक अक्षरात. त्या अकरा रात्रींच्या नोंदींत एक गोष्ट मला छापताना माहीत नव्हती. प्रत्येक रात्री नऊ ते सव्वानऊ काम थांबलेले आहे. पुढे फक्त 'सुलभा' असे लिहिले आहे. तेजोमेघ वर चढलेला असताना, मोटर चालू ठेवून, कॅमेरा बंद करून, तो दुर्बिणीपासून वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहत होता. वयनी दुर्बिणीजवळ बसत. नंतरच्या पानांत दुर्बीण नसलेल्या रात्रीही आहेत. 'ढग. जाऊन आलो.' 'पाऊस. छत्री. जाऊन आलो.' 'ताप. मालती जाऊन आली.' सहा पावसाळे असे आहेत. आनंदीबाय गेल्या वर्षी वारली, त्या दिवसाचीही नोंद आहे. त्या रात्री सुलभा कामावर गेली नव्हती. तो जाऊन आला होता.

परवा मी इब्रामपूरला मुक्कामाला होतो. पावणेनऊला वयनी उठल्या, टॉर्च घेतला आणि मला म्हणाल्या, "तुमी येतात?" तो गेल्याच्या चौथ्या दिवसापासून त्या जात होत्या. सुतकात शिवेवर जाऊ नये असे कोणी तरी सुचवले, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, फक्त चपला घातल्या. सड्यावर वारा होता. पश्चिमेला विमानतळाचा उजेड, दक्षिणेला अंधार. नऊ वाजून पाच मिनिटांनी फाट्याकडून सुलभा आली. आता ती पंचविशीतली बाई आहे, खांद्याला पर्स, कानात फोनची वायर. तिने वायर काढली.

"मामी, तुका एक सांगूचा होता," ती म्हणाली. "माजी स्कूटर असा. दोन वर्सां जाली. ती मी फाट्यावरच्या दुकानाकडे लावतंय."

"आणि चलत येतंस? कित्याक गो?"

"मामा थंय रावत मां. मी गाडयेन रस्त्यान गेल्यार तेंका कसा कळतला, मी पावलंय ती? उगीच काळोखात उबे रवले असते…"

वहीतल्या त्या पंधरा मिनिटांबद्दल वयनींना माहीत होते, मलाही होते. दोघांपैकी कोणीच ते सुलभाला सांगितले नाही.

"मगे उद्यांपसून गाडयेन ये," वयनी म्हणाल्या.

"आणि तू?"

"मी येतलंय. माका सवय जाली."

"मगे मीय चलतच येतंय."

"पिशी खंयची," वयनी म्हणाल्या. दोघी हसल्या आणि वाड्याकडे उतरायला लागल्या. मी थोडा मागे राहिलो. लाल दिवा पायवाटेने सावकाश खाली गेला, एका ठिकाणी थांबला, पुन्हा चालू लागला. तो दोघींपैकी कोणाच्या हातात होता, हे वरून सांगता आले नसते.