बियाण्याला ठेवलेला दुधी

पक्ष्यांचं मला वेड नव्हतं आणि आजही नाही. तरी ऐंशीच्या दशकातली तीन वर्षं मी इलिनॉयमधल्या एका मक्याच्या गावात, घरामागच्या हिरवळीवर मान वर करून उभी राहण्यात घालवली. त्या तीन वर्षांत मी जितकी चिडले, तितकी पुढे वयात आलेल्या मुलांवरसुद्धा चिडले नाही.

आई माझ्याकडे आली ती एप्रिलमध्ये. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि तिचं ग्रीन कार्ड माझ्यामार्फत झालं होतं. तिनं कायमचं माझ्याकडे राहावं, असं मला वाटत होतं. साताऱ्याला माझ्या भावाकडे परत जावं, असं तिला वाटत होतं. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं असतं?" हे ती विमानतळावरून घरी येताना गाडीतच म्हणाली. शेवटी एक पुरतं वर्ष बघायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात ठरवायचं, असा तह झाला.

माझा नवरा तेव्हा हॉस्पिटलात रेसिडेन्सी करत होता, म्हणजे घरी फक्त झोपायला यायचा. मी आठ ते पाच एका प्रयोगशाळेत. डेव्हन ॲव्हेन्यू, म्हणजे आपल्या भारतीय दुकानांचा रस्ता, गाडीने चार तासांवर, तिथे दोन महिन्यांतून एकदा जाऊन तांदूळ, डाळी आणि आईला बघायला साड्यांची दुकानं. बाकी सगळे दिवस आई त्या घरात एकटी. एकदा ती म्हणाली, "तुझं घर छान आहे गं. पण दिवसभर नुसता फ्रिज बोलतो माझ्याशी." ती हसत म्हणाली होती, पण मला ते फार लागलं.

शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेला एक म्हातारा राहायचा. आई त्याला 'शेजारचे आजोबा' म्हणायची, आणि तो तिच्याच वयाचा होता. त्याच्या अंगणात उंच खांबावर पांढरे रंगवलेले दहा-बारा भोपळे टांगलेले असत आणि त्यांत पर्पल मार्टिन राहत. आपल्या भिंगरीच्या जातीचे हे पक्षी, नर तुकतुकीत जांभळा-काळा. पहाटेपासून त्यांची बडबड सुरू. ब्राझीलहून वसंतात येतात आणि माणसानं टांगलेल्या घरातच अंडी घालतात. म्हातारा म्हणाला, "इकडच्या भागात ते जंगलात राहतच नाहीत. त्यांना माणसाचं दार जवळ लागतं."

मी तिथेच ठरवलं की आपल्याकडे हे पक्षी आणायचे. दिवसभर बडबड करणारे, माणसाशेजारीच राहणारे. आईला आणखी काय हवं? हे मी आईला विचारलं नाही. मला कुणाला काही विचारायची सवयच नव्हती.

आईनं येताना रुमालाच्या गाठीत दुधीचं बियाणं आणलं होतं. कस्टमच्या माणसाला ते सापडलं नाही, याचा तिला पुढे कितीतरी दिवस अभिमान होता. मे महिन्यात तिनं ते कुंपणाशी पेरलं आणि जुलैत वेलाला दुधी लागले. म्हातारा कुंपणाशी येऊन बघतच राहिला. त्याचे टांगलेले भोपळे म्हणजे दुसरंतिसरं काही नव्हतं, आपला दुधीच. फक्त पोटाला गोल आणि मानेला बारीक. ते वेलावरच जून होऊ द्यायचे, खडखडीत वाळवायचे, भोक पाडायचं, रंगवायचे, की झालं घर. म्हणजे माझ्या कुंपणावर पक्ष्यांची चाळच्या चाळ लटकत होती.

मी आईला बजावलं, "चार दुधी ठेव. तोडू नकोस."

"जून होतील की."

"जूनच हवेत मला."

"जून दुधी कोण खातं?" ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तर चारही दुधींची भाजी, कोफ्ते आणि हलवा झाला होता. कोवळा दुधी वेलावर दिसतोय आणि आपण तो तोडत नाही, हे तिच्या हाताला जमतच नव्हतं. मी सांगायची, ती मान डोलवायची, आणि पालथ्या घड्यावर पाणी. हलव्याची वाटी तिनं म्हाताऱ्यालाही नेऊन दिली. तो म्हणाला, "तीस वर्षं मी हे टांगतोय. खायचं कधी सुचलं नाही." आईला ते मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा तिला त्याची खरोखर कीव आली.

मोठ्या पानांखाली मी दोन दुधी लपवले. ते तिला दिसले नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी गॅरेजमध्ये वाळायला टांगले. वाळताना त्यांना वरून बुरशी येते, ती यायचीच असते. पण एका दुपारी आईनं गॅरेज धुऊन काढलं आणि दोन्ही कचऱ्यात टाकले. "काहीतरी नासकं टांगून ठेवलं होतंस," ती म्हणाली. मी कपाळाला हात लावला. चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही. घरात आधीच बोलणारी दोन माणसं, त्यात एक मी अशी.

मार्चमध्ये म्हाताऱ्याला माझी दया आली. त्यानं स्वतःकडचे चार वाळलेले भोपळे दिले, खांबही रोवून दिला, दोरीनं वरखाली करता येईल असा. एप्रिलच्या सुरुवातीला त्याच्याकडचे पक्षी परत आले आणि मी खिडकीशी बसून राहिले.

माझ्या भोपळ्यांत आल्या त्या चिमण्या.

त्या का आल्या हे कळायला मला फार हुशारी लागली नाही. रोज सकाळी जेवणाआधी आई मागच्या दारात मूठभर तांदूळ टाकायची. साताऱ्याला टाकायची तसेच, पाखरांचा वाटा म्हणून. आणि चार तास गाडी हाकून मी आणलेले तांदूळ खाऊन गलेलठ्ठ झालेल्या चिमण्या समोरच्या खांबावर आयती घरं बघून राहायला गेल्या होत्या. म्हातारा म्हणाला, "या इंग्लंडहून आणलेल्या आहेत, आमच्या नाहीत. या असल्या तर मार्टिन टिकत नाहीत. घरटं दिसलं की काढून टाक." मी आईला सांगितलं, तांदूळ बंद कर, या इथल्या चिमण्या नाहीत.

"इथल्या नाहीत म्हणजे?" आई म्हणाली. "आपल्याच आहेत. नराचा गळा बघ, काळा. ओसरीवरच्या चिमणीसारखी चिमणी आहे. या देशात आल्यापासून पहिलं ओळखीचं कुणी दिसलं मला, तर ती ही."

हे मी ऐकलं. शब्द अन् शब्द ऐकला, आणि तरी मला राग आला तो एवढ्याचाच, की आता ही ऐकणार नाही. तसंच झालं. मागच्या दारातले तांदूळ बंद झाले आणि घराच्या बाजूला, नळाशी सुरू झाले. शनिवारी मी गाडी धुवायला गेले तर नळापाशी वीस चिमण्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आम्ही दोघी एका घरात राहून एकमेकींच्या विरुद्ध काम करत होतो. मी म्हणायची, तुझ्यासाठीच करतेय ना हे सगळं. ती म्हणायची, मी कुठे काय मागितलं. हे संभाषण आम्ही किती वेळा केलं असेल, सांगता येणार नाही.

मेमध्ये एका शनिवारी सकाळी म्हाताऱ्यानं हाक मारली. आदल्या वर्षी जन्मलेली कोवळी मार्टिन उशिरा येतात आणि नवी जागा शोधतात, तशी एक जोडी माझ्या खांबाभोवती घिरट्या घालत होती. मादी एका भोपळ्याच्या तोंडाशी टेकली, तोच आतून चिमणा बाहेर आला आणि तिच्या अंगावर गेला. दोनदा झालं, तीनदा झालं. मी धावत जाऊन खांबाची दोरी सोडली, भोपळा खाली घेतला, कोटाच्या हँगरची तार वाकवून आत घातली आणि ओढायला लागले.

तारेला आधी वाळकं गवत आलं. मग कापूस आला, आईच्या वातींचा. आणि मग केस. आई रोज सकाळी वेणी घालून झाली की गुंतवळ दाराबाहेर टाकायची. ते सगळं चिमणीनं नेऊन आत अंथरलं होतं. पांढऱ्या केसांचं वेटोळं तारेला अडकून बाहेर आलं आणि त्याबरोबर अंडी. एक हिरवळीवर पडलं, बाकीची आतच फुटली होती. मी थांबायला हवं होतं. पण जोडी वर घिरट्या घालत होती आणि मला घाई होती. मी भोपळा उलटा करून आपटला, सगळं पिशवीत भरलं, गाठ मारली.

वळले तर आई मागच्या दारात उभी होती. हातात तांदळाची वाटी.

"अंडी होती?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. ती रागावली असती तर मला बोलायला काहीतरी मिळालं असतं.

जोडी तोवर म्हाताऱ्याच्या अंगणात निघून गेली होती. आई दुसऱ्या दिवसापासून तांदूळ टाकेनाशी झाली, ना मागच्या दारात, ना नळाशी. गुंतवळ कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू लागली. दुधी मात्र तिनं त्याही वर्षी पेरला. तिकिटाचं तिनं माझ्याकडे काढलंच नाही; एका रविवारी माझ्या नवऱ्याला म्हणाली, "जावईबापू, सप्टेंबरचं बुकिंग मिळेल का बघा." मी रडले, भांडले, ग्रीन कार्ड वाया जाईल म्हणाले. ती शांतपणे बॅग भरत राहिली.

ती गेल्यावर थंडी पडली, वेल काळा पडला. नोव्हेंबरात मी तो उपसायला गेले तर कुंपणाच्या म्हाताऱ्याकडच्या बाजूला एक मोठा दुधी लटकत होता, वाळून खडखडीत. हलवला तर आत बिया वाजल्या. तो राहून गेला नव्हता. देठाला आईच्या साडीच्या काठाची चिंधी बांधलेली होती, कुणी तोडू नये म्हणून, बियाण्याला ठेवलेल्या फळाला ती बांधायची तशी. चार दुधी ठेव म्हणून मी वर्षभर घसा कोरडा केला, आणि ठेवायचं कसं, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तिच्या पद्धतीनं विचारलं असतं, तर तिनं मला कितीही ठेवले असते.

मी त्याला भोक पाडलं, बिया बाटलीत भरल्या, बाहेरून पांढरा रंग दिला. वसंतात तोही टांगला. तांदूळ नव्हते, चिमण्यांनी आणलेली प्रत्येक काडी मी काढून टाकत होते, आणि मेच्या शेवटी एक मार्टिनची जोडी आली. दुसरे चार भोपळे सोडून आईच्या दुधीतच शिरली. चिखल आणला, काड्या आणल्या, हिरवी पानं आणून अंथरली. काय तो गोंगाट. म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेऊन हलवला.

सकाळी मी साताऱ्याला फोन लावला, तिकडे संध्याकाळ होती. तेव्हा ओरडून बोलावं लागायचं. मी ओरडून सांगितलं की पक्षी आले, तुझ्या दुधीत राहिले, दिवसभर बोलतात.

"छान झालं," आई म्हणाली. मग म्हणाली, "आणि चिमण्या? त्यांना कुणी घालतं का काही?"

"मी घालते ना," मी म्हणाले. का म्हणाले, मला माहीत नाही. तिला बरं वाटावं म्हणून असेल, किंवा वर्षभराच्या भांडणाचा शेवट व्हावा म्हणून.

 

"तू घालतेस?" ती म्हणाली. "आधी घातले असतेस, तर राहिले असते गं मी."

खिडकीबाहेर ती जोडी कलकलाट करत होती. मी फोन तसाच कानाशी धरून उठले आणि खिडकी बंद केली.