कपाटाच्या दारावर नसलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा आधीच गेला होता. मुलगा लोट्याला कंपनीत शिफ्टला असतो — त्याला सांगितलं असतं तर तो माझ्याकडे कसा बघत राहिला असता, ते मला इथे बसून दिसतं. तुम्ही मला ओळखत नाही. ते बरं आहे.

राजापूरहून एसटीने पाऊण तासावर आमचं गाव आणि तिठ्यावर आमचं दुकान. सासऱ्यांनी काढलेलं. साबण, चहापावडर, खोबरेल, विड्या, सुतळी — जे गावाला लागतं ते. नवऱ्यामागे मीच चालवते. दुकानात एक जुनं सागवानी कपाट आहे. त्याच्या दाराच्या आतल्या अंगाला सासरे घरातले जन्म पेन्सिलीने लिहून ठेवत. तिथी, वार, नाव. माझ्या नवऱ्याचा आहे, दोन्ही नणंदांचा आहे.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. जन्म मुंबईच्या गोदीत काढला. सहा वर्षांपूर्वी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, एक जाड वही घेऊन गावी आले — वंशावळ लिहायची म्हणून. दुकान जुनं, येणारं गिऱ्हाईक जुनं, त्यामुळे ते सकाळपासून दुकानातच स्टुलावर बसायचे. आला-गेला म्हातारा पकडायचा आणि विचारायचं, माझ्या आज्याचा भाऊ कुठे गेला, आमचं मूळ घर कुठल्या वाडीत होतं. लोक खूश. भाऊ आले, भाऊ आले! मी चहा करून देत होते. दिवसातून चार वेळा.

वाईट होते का ते? नाही हो. तेच तर सांगते आहे. ते वाईट असते तर हे सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

सासूबाई नऊ वर्षं अंथरुणात होत्या. त्यांचं सगळं मी केलं — सगळं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. शेवटचे तीन दिवस त्या एकच विचारत राहिल्या, भाऊ आला का? माझा हात धरायच्या आणि त्यालाच भाऊ म्हणायच्या. माझं नाव? एकदाही नाही. आणि भाऊजी आले ते दहाव्याला. रजा मिळाली नाही म्हणाले. ते मी तेव्हा गिळलं. गिळलेलं जिरतं असं मला वाटत होतं.

त्या दुपारी दुकानात कुणी नव्हतं. भाऊजींनी वही वाचून दाखवली. पणजे, आजे, सासरे, ते स्वतः, त्यांचे मुलगे, माझा नवरा, माझा मुलगा. मी विचारलं, “माझं नाव कुठाय?”

“बायकांची नावं घालत नाहीत गो वंशावळीत,” ते म्हणाले. प्रेमानेच म्हणाले.

मग उठून त्यांनी कपाट उघडलं, जन्म उतरवून घ्यायला. चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं. आणि हसून म्हणाले, “सुमन, ह्यात माझाच नाही. माझा का नाही गो?”

का नाही, ते मला ठाऊक होतं. सासूबाईंनीच सांगितलं होतं — भाऊ अडीच वर्षांचा असताना राजापूरच्या बाजारातून कपाट आणलं, आणि आणलं त्या दिवशी तो खालच्या खणात जाऊन बसला, बाहेर यायला तयार होईना. एवढंच. एका वाक्याचं उत्तर. ते ऐकून म्हातारा किती हसला असता!

मी खाली बघितलं. मुद्दाम बघितलं. मला बोलवत नाहीये असं त्यांना वाटावं म्हणून.

“सासूबाईंनी शपथ घातली होती,” मी म्हटलं. “त्यांना मूल होत नव्हतं. तुम्हाला कुणीतरी दुकानाच्या पायरीवर ठेवून गेलं होतं, भाऊजी.”

ते कपाटाचं दार धरून उभे राहिले.

“आई बोलली तुला असं?”

“हो.”

“शेवटी... माझं काही म्हणाली का?”

इथे मी थांबू शकले असते. थांबले का? “नाही,” मी म्हटलं. “एकदाही नाही.”

आणि मला बरं वाटलं. लपवून काय करू — पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं बरं वाटलं. मी त्यांना चहा विचारला.

त्यानंतर ते ‘आई’ म्हणाले नाहीत. ‘तुझ्या सासूबाई’ म्हणायला लागले. वही पिशवीत घालून रोज सकाळच्या एसटीने जायचे — कधी पावसच्या बाजूला, कधी खाडीकाठच्या मासेमार खारव्यांच्या वाड्यांत — आणि म्हाताऱ्या बायकांना विचारायचे, तुमच्यातल्या कुणी फार पूर्वी मूल ठेवलं होतं का हो? काही जणी हसल्या. एकीने त्यांना जेवायला बसवलं आणि जेवताना ते रडले — हे त्यांनीच मला सांगितलं. संध्याकाळी घामाने भिजलेले परत यायचे. मी पाणी द्यायचे आणि विचारायचे, काही कळलं का?

मीच विचारायचे. समजतंय ना तुम्हाला?

त्या वर्षी पितृपक्षात त्यांनी पान वाढलं नाही. मी त्यांचा कोण, म्हणाले. मुंबईला परतण्याआधी वहीतून स्वतःचं आणि मुलग्यांचं नाव खोडून वही माझ्याकडे दिली. आता ही तुमची, म्हणाले. मला ‘तू’ म्हणणारा माणूस, ‘तुमची’ म्हणाला. दोन वर्षांनी ते गेले. त्या दोन वर्षांत फोन होता, पत्र होतं, मी स्वतः एकदा मुंबईला जाऊन त्यांच्या घरी जेवून आले. एक वाक्य सांगायचं होतं. मी वरणाला छान वास आलाय म्हटलं.

सूड म्हणाल तर तो त्या दुपारीच संपला होता. मग पुढचं काय होतं? मी पुष्कळ विचार केला आहे. मला ते आवडत होतं. दुसरं उत्तर सापडलेलं नाही.

ह्या मे महिन्यात त्यांची मुलगी वैशाली आली. पन्नाशीची बाई, नवऱ्याची गाडी तिठ्यावर उभी करून एकटीच दुकानात आली. माझ्या पाया पडली. म्हणाली, “काकी, बाबा शेवटपर्यंत एकच म्हणायचे, ती जागा नीट बघायला हवी होती. नक्की कुठे ठेवलं होतं त्यांना?”

दुकानात आम्ही दोघीच. कपाट तिच्या हातभर अंतरावर. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि डोळे हुबेहूब सासूबाईंचे.

मी बाहेर आले आणि तिला चिऱ्याची खालची पायरी दाखवली. “इथे,” म्हटलं. “हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले होते.”

लुगडं मी त्याच क्षणी बनवलं.

ती खाली बसली. पायरीवर तिने तळहात टेकवला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, म्हणून मी तिला जरा सरकायला सांगितलं.