गोजरबाईने आटू न दिलेली कुपी

आमच्या नाटक कंपनीत कुपी म्हणजे अत्तराची. पडदा वर जाण्याआधी कानामागे बोट फिरवलं, की झाली राजकन्या तयार! मूळ संस्कृत शब्द कूप, म्हणजे विहीर; तिचं लेकरू ती कूपी. बेंबीलाही संस्कृतात कूपी म्हणतात, असं कंपनीतल्या चिंतामणी शास्त्र्यांनी सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या पोट धरून हसलो होतो. वैद्यांकडे औषधाची कुपी असते, आणि हल्ली इमारतीच्या पायात पुरतात ती कालकुपी. पण या शब्दाचा सगळ्यात देखणा अर्थ मला म्हातारपणी, पालेगावातल्या चौथ्या मजल्यावर भेटला.

माझी नातसून तेजल बाळंत झाली आणि बाळाला तेल लावायला मोरिवलीहून गोजरबाई येऊ लागली. बुटकी, काळीसावळी, आवाज असा की शेवटच्या रांगेला माईक नको. रिक्षावाला वळणावर उतरवायला लागला तर म्हणायची, "तुझ्या पोरीला मीच मालिश केलीय रे, दारापर्यंत ने!" तो मुकाट्याने नेई.

घरात आली की पाय पसरून बसे, बाळाला पायांवर आडवं घेई आणि बटव्यातून हिरवट काचेची बोटभर कुपी काढी. खोबरेल तेल, त्यात कढवलेला ओवा आणि वेखंड. पहिला थेंब बेंबीत. मला शास्त्रीबुवा आठवत. कूपीतलं कूपीत गेलं की!

ती कुपी तिच्या सासूची, पुतळीबाईची. ती कधी आटू द्यायची नाही हा तिच्या घरचा नेम. तळाशी थोडं उरलं, की वर नवं तेल ओतायचं, दह्याच्या विरजणासारखं. म्हणजे पहिल्या बाळापासूनचं तेल थेंबाथेंबाने पुढे चाललेलं.

एक दिवस गोजरबाई कुपी आमच्याकडे विसरून गेली. तेजलने पाहिलं, काच चिकट झालीय, बुडाशी काळपट साका. पोरगी कामसू. गरम पाणी, भांड्यांचा साबण, बारीक ब्रश. दुसऱ्या दिवशी लखलखती कुपी तिने कौतुकाने पुढे केली.

गोजरबाईने ती उजेडात धरली. उलटी करून तळहातावर झटकली.

"साफ केलीस व्हय गं?"

"हो मावशी, किती घाण बसली होती!"

"घाण नाय ती," गोजरबाई हळू म्हणाली. "माझी सासू व्हती ती."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिने बाळाच्या गालाला हात लावला आणि उठली. "आता माझ्या हाताला काय अर्थ? दुसरी कोण बघ गं." तेजल रडायला लागली. बाळानेही सूर लावला.

मी चपला घातल्या आणि लिफ्टशी तिला गाठलं. "गोजरबाई, एका घरचं काम संपलं, की तिथे कुपीतलं थोडं तेल ठेवून येतेस, म्हणाली होतीस ना?"

"ठेवते की. पोराच्या घरात थेंब राहावा म्हणून. पण कोण जपतंय? टाकून देतात."

"चल, कुणाकडे उरलंय का, विचारू तरी."

पहिल्या दोन घरांत नकाराची मान हलली. तिसरं उल्हासनगर कॅम्प एकमधलं, हरेशचं. त्याचा शिवणकामाचा कारखाना. त्याच्याकडे कुप्पी म्हणजे मशीनला तेल पाजायची चोचीची डबी. त्याची मुलगी सोनिया आता कॉलेजात जाते, तिला गोजरबाईनेच न्हाऊ घातलं होतं.

"अरे मावशी! बैठो, चाय पियो." सगळं ऐकून हरेश लाजला. "तेल आहे ना, फेकलं नाही. पर मैं थोडा थोडा लगाता हूं."

"कुठं लावतोस?"

त्याने आधी गुडघा दाखवला, मग टक्कल.

"टकलाला?" गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ती ओरडली. "अरे मेल्या, ते पोरांचं! केस आले का मग?"

"नहीं आया, मावशी. पर सुकून आता है."

सोनियाने आतून औषधाची जुनी बाटली आणली. तळाशी पिवळसर तेल. गोजरबाईने वास घेतला. "मशीनचं तर नाय ना घातलंस?"

"मां कसम, नाही!"

तिने पुन्हा वास घेतला, या वेळी डोळे मिटून. मग पदराने तोंड पुसलं. हरेश सगळंच देत होता. तिने निम्मंच कुपीत घेतलं. "तुझ्या गुडघ्याला राहू दे."

पालेगावात तेजल दार उघडून तशीच उभी राहिली. गोजरबाई नेहमीच्या जागी पाय पसरून बसली आणि कुपी तिच्याकडे धरली.

"ताजं तेल आण. वरून तू ओत."

"मी नको मावशी. पुन्हा काही चुकलं तर?"

"माझे गुडघे हरेशच्यापेक्षा वाईट झालेत गं. हे कुणीतरी शिकायला नको का? ओत."

तेजलने ओतलं. थोडं तेल फरशीवर सांडलं. गोजरबाईने ते बोटाने टिपून स्वतःच्या कोपराला चोळलं आणि बाळाचं झबलं सोडायला घेतलं.