आईच्या रक्ताचा आकडा

स्पिरिटचा वास आला की मला शहापूरचा तो दवाखाना आठवतो. आईच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली, म्हणून ती रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेई. त्या दिवशी हिरड्यांतून जरासं रक्त येतं, एवढीच तिची तक्रार होती. डॉक्टरीणबाईंनी तिचं बोट टोचून थेंब लहानशा यंत्राच्या पट्टीवर घेतला. रक्त किती पातळ झालंय ते यंत्र सांगतं. आकडा तीनच्या आसपास हवा होता, उमटला साडेसात. बाईंनी दुसरी पट्टी लावली, तरी तेच. "मावशी, आणखी कसली गोळी घेता?" "गुडघ्यांची, म्याडम. दुकानातून आणते." बाईंनी यंत्र बाजूला ठेवलं. "त्या गोळीनंच घात केला, रक्त फारच पातळ झालंय. आत्ता नुसत्या पडलात, तरी डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो." सकाळीच ती भाताच्या रोपांचा भारा डोक्यावर घेऊन निसरड्या बांधावरून चालली होती. आईला मात्र पटेना. "मला तर काय दुखत नाय," म्हणत ती उठू लागली. मी तिला दोन्ही हातांनी धरून खाली बसवलं आणि मोठ्या इस्पितळाची गाडी येईपर्यंत सोडलंच नाही. ती बरी होऊन घरी आली. अजूनही ती ओल्या अंगणात भराभर चालली की मी हातातलं काम टाकून उठते, आणि ती माझ्यावर चिडते.