करंजीच्या तेलाचा आठवडा

डासांना पाय दाखवायची नोकरी मी केली आहे. लग्नाच्या बायोडेटात ती लिहायची की नाही, यावरून आमच्या गोंदियातल्या घरी बराच वाद झाला होता.

काम दरेकशाकडच्या एका गावात होतं. घोट्याला बांधायची औषधी पट्टी आली होती. ती बांधली की हिवतापाचे डास लांब राहतात का, हे तपासायचं. दिवेलागणीला दोघांनी ओसरीत उघड्या पायांनी बसायचं. एकाच्या पायात पट्टी, दुसरा तसाच. डास टेकला की चावायच्या आत काचेच्या नळीने ओढायचा आणि वहीत लिहायचा. खबरदारी म्हणून आम्हाला आधीच गोळ्या दिल्या होत्या.

पट्टीवाला मी. बिनपट्टीचे म्हणजे ज्यांची ओसरी ते काका, धानाचे शेतकरी. काकांना निकालाची माझ्यापेक्षा जास्त घाई. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि मागच्या पावसाळ्यात थंडीतापाने तिला पार आडवं केलं होतं. "पट्टी खरंच काम करते का, तेवढं सांगजो बाबू," ते रोज म्हणत.

निकाल मात्र उफराटा. माझ्या पायावर रोज चार-पाच डास, काकांच्या पायावर एकही नाही. हे काम बघणाऱ्या आमच्या मॅडमनी फोनवर दोनदा विचारलं, "पट्टी नक्की तुमच्याच पायात आहे ना?" मी चिडलो. काका बिचारे नळी हातात धरून नुसते जांभया देत.

पाचव्या दिवशी मी लवकर पोचलो. काका धानाच्या बांधीतून आलेले, पाय धुऊन अंगणात बसलेले, आणि बाटलीतलं करंजीच्या बियांचं तेल घोट्यापासून टाचेपर्यंत चोळत होते. तो उग्र वास मला रोज येई. मी समजायचो, काकांचा वासच तसा! डास त्यालाच भिऊन पळत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका! पायाला काही लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"तू दवाई नाही, साबण नाही, अत्तर नाही म्हनलं. तेल का दवाई आहे? दिवसभर चिखलात उभा रायतो. नाही लावलं तं टाचा फुटते."

जवळजवळ आठवडा वाया गेला होता आणि माझी ही पहिलीच नोकरी. मी हळूच म्हटलं, आकडे जरा इकडचे तिकडे करू, कोणाला कळतंय?

काकांनी बाटलीचं बूच लावलं. "काऊन? पट्टी माह्या पोरीच्या पायात बांधाची आहे. तू खोटं लिवशील, पन मच्छर का तुही वही वाचून चावते?"

मला स्वतःची लाज वाटली. त्याच संध्याकाळी मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी आधी मला झाडलं, मग त्या खो खो हसल्या आणि म्हणाल्या, पुन्हा सुरू करा.

पुढचे दिवस काका बिनतेलाचे बसले. आता डास आले. पायावर एक टेकला की काका खुशीत ओरडत, "आला, आला! लिव!" माझ्याकडे एखादाच फिरके. अदलाबदल करून पट्टी काकांच्या पायात बांधली, तेव्हा डास मुकाट्याने माझ्याकडे वळले. काका इतके खूश की माझे पाय बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाचांना मात्र बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

काम आटोपल्यावर मॅडमनी डॉक्टरांना विचारून लेकीसाठी पट्टी दिली. ती पोचवायला मीच गेलो. काकांनी पट्टी स्वतःच्या हाताने लेकीच्या घोट्याला बांधली, दोनदा ओढून पाहिली. तेवढ्यात तिचं लक्ष त्यांच्या टाचांकडे गेलं.

"बाबा, पायाची हे काय दशा करून घेतली? कायले तेल नाही लावलं?"

"मच्छर पकडून राहिलो होतो," काका माझ्याकडे बघत म्हणाले.

ती रागावतच उठली, कोनाड्यातली बाटली घेतली आणि त्यांचा पाय ओढून टाचेत तेल चोळायला बसली. काका नको नको म्हणत राहिले, पण पाय काही मागे घेतला नाही.